किक लागली, हे ठरवतं कोण?

स्वित्झर्लंडची मानुएला बेत्सोला २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोच्या महिलांच्या ४९ किलो गटात उतरली, तेव्हा किक लागली की नाही हे पंचांचे डोळे आणि कान ठरवत. कोपऱ्यात बसलेल्या पंचांच्या हातात बटणं असत. पुरेशा पंचांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबलं, तरच गुण मिळे: छातीवरच्या किकला १, डोक्यावरच्या किकला २. त्यामुळे ‘फाट’ असा आवाज काढणाऱ्या किकचं मोल मोठं होतं. पण एका खेळाडूची पाठ पंच आणि किक यांच्या मध्ये आली की चोख बसलेली किकही वाया जाई. त्याच स्पर्धेत ६७ किलोवरील गटात ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची चीनच्या चेन झोंगच्या चेहऱ्यावर लागलेली किक पंचांकडून सुटली. चित्रफीत पाहून निकाल फिरवावा लागला.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून हे काम चेस्ट गार्ड, म्हणजे छातीवरचं इलेक्ट्रॉनिक कवच, करू लागला. खेळाडूच्या मोज्यांत ठरावीक जागी चुंबक शिवलेले असतात. गार्डमध्ये दोन गोष्टी मोजल्या जातात: चुंबक जवळ आला का, आणि दणका किती जोराचा होता. दोन्ही जुळलं तरच गुण. म्हणून गुडघा कितीही जोरात आदळला तरी फलकावर काही उमटत नाही. जोराची किमान मर्यादा वजनगटानुसार बदलते. २०१६ ला रिओत हेडगार्डही इलेक्ट्रॉनिक झाला. ठोशाचा १ गुण मात्र आजही पंचच देतात. गिरकी घेऊन मारलेल्या किकचे जादा गुणही त्यांच्याच बटणातून येतात.

इथे गडबड होते ती अगदी साध्या कारणांनी. मोजा घोट्याभोवती फिरला की चुंबक पावलाच्या वरच्या बाजूवरून सरकतो आणि स्वच्छ किक कोरी जाते. गार्डचे पट्टे सैल राहिले की गार्ड बरगड्यांवरून हलतो आणि दणका मुरतो. म्हणूनच लढतीआधी मोजे आणि गार्ड तपासणं फार महत्त्वाचं. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत तैवानची यांग शू-चुन, याच ४९ किलो गटात, ९–० ने आघाडीवर असताना मोज्यांच्या टाचेतल्या जादा सेन्सरवरून बाद ठरवली गेली.

यंत्राने खेळही बदलला. पुढचा पाय उचलून धरायचा, एका पायावर उड्या मारत जायचं आणि नुसता चुंबक टेकवायचा, ही पद्धत रुजली. बिलगलेल्या अवस्थेत गुडघा बाहेर वळवून तळवा गार्डवर घासणाऱ्या किकवर पुढे नियमानेच बंदी आली. चीनची वू जिंग्यू हिने ४९ किलोचं सुवर्ण २००८ आणि २०१२, म्हणजे बटणांच्या आणि चुंबकांच्या दोन्ही काळांत जिंकलं. तिचं कौशल्य किती अस्सल होतं, याचा याहून चांगला पुरावा सापडणार नाही.

वजनाची कथा वेगळीच. जागतिक स्पर्धेत महिलांचे आठ गट, ऑलिंपिकमध्ये चारच: ४९, ५७, ६७ आणि ६७ वरील. त्यामुळे ५३ किलो गटात खेळणारीला ऑलिंपिकसाठी एक तर ४ किलो उतरायचं, नाही तर ५७ च्या उंच, लांब पायांच्या मुलींशी भिडायचं. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. शेवटचे किलो पाण्याचे असतात, आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) घटलं की त्याच्यासोबत साठलेलं पाणीही जातं. काट्यावर आकडा बसतो, पण तिसऱ्या फेरीत पाय वर यायला उशीर होतो. आता लढतीच्या सकाळीही काही खेळाडूंचं अचानक वजन होतं. तिथे ५ टक्के सूट, म्हणजे ४९ वाल्या मुलीला ५१.४५ किलोपर्यंत.