झेंडा कुणी उचलायचा?

22 जून 1986. मेक्सिको सिटीच्या ॲझ्टेका मैदानावर फुटबॉल विश्वचषकातल्या इंग्लंड-अर्जेंटिना सामन्याच्या उत्तरार्धाची जेमतेम सहा मिनिटं झाली होती. उंच उडालेल्या चेंडूवर इंग्लंडचा गोलरक्षक पीटर शिल्टन आणि त्याच्यापेक्षा बराच बुटका अर्जेंटिनाचा दिएगो मॅराडोना एकाच वेळी झेपावले. चेंडू जाळ्यात गेला तो मॅराडोनाच्या डाव्या हातानं. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांनी मैदानाच्या कडेला झेंडा घेऊन असलेले रेषापंच बोगदान दोचेव्ह यांच्याकडे पाहिलं. झेंडा वर गेला नव्हता. गोल दिला गेला आणि सामना अर्जेंटिनानं 2-1 असा जिंकला.

दोघांनी नंतर दिलेली उत्तरं मला त्या गोलपेक्षा महत्त्वाची वाटतात. पंचांचं म्हणणं, मी रेषापंचाच्या खुणेवर अवलंबून होतो. रेषापंचाचं म्हणणं, पंचांशी चर्चा करण्याची मुभाच आम्हाला नव्हती. मैदानावर दोन जबाबदार माणसं होती आणि जबाबदारी दोघांच्या मधोमध पडून राहिली.

मानसशास्त्राला ही अवस्था ओळखीची आहे. 1968 साली जॉन डार्ली आणि बिब लटाने यांनी एक प्रयोग केला. इंटरकॉमवर बोलणाऱ्या एकाला झटका आल्याचा आवाज सहभागींना ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी 85 टक्के जण त्याचं बोलणं संपण्याआधीच मदतीला धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त 31 टक्के. साक्षीदार वाढले की प्रत्येकाच्या वाट्याची जबाबदारी पातळ होते. पंचांच्या संख्येत भर घालून चुका आपोआप कमी होतील, ही अपेक्षा म्हणूनच फसवी आहे. अंतिम शब्द कुणाचा आणि मध्येच बोलण्याचा हक्क कुणाला, हे आधी स्पष्ट असायला हवं.

आता डोळ्यांकडे येऊ. पास सुटतो त्या क्षणी आघाडीवीर शेवटच्या बचावपटूच्या पुढे, गोलच्या जास्त जवळ असेल तर तो ऑफसाइड ठरतो. हे ठरवताना रेषापंचाची चूक झाली की ‘डोळे मिटले होते का?’ असं सहज विचारलं जातं. डोळे उघडेच असतात. राऊल औडेयान्स आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी 2000 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं की चुकीचं मूळ बऱ्याचदा उभं राहण्याच्या जागेत असतं. समजा, रेषापंच शेवटच्या बचावपटूच्या अगदी सरळ रेषेत नाही, मीटरभर गोलच्या दिशेनं पुढे सरकला आहे. त्याची नजर आता तिरकी जाते. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, बचावपटूच्या बरोबरीत असलेला आघाडीवीर त्याला पुढे गेलेला दिसतो आणि निर्दोष खेळाडूवर झेंडा उठतो. उलट त्याच्या आणि बचावपटूच्या मधून धावणारा खेळाडू थोडा पुढे असूनही सुटतो. या चुका भूमितीच्या आहेत. पंचाची नियत कितीही साफ असली तरी त्या होणारच.

त्यात वेगाची भर पडते. आघाडीवीर सेकंदाला 8 मीटर धावतोय आणि बचावपटू 6 मीटरनं उलट दिशेला येतोय, असं धरा. दोघांमधलं अंतर सेकंदाला 14 मीटरनं बदलतं, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात 70 सेंटिमीटर. पास सुटताना चेंडूवर असलेली नजर रेषेवर आणायलाच याहून जास्त वेळ लागतो. शिवाय आपला मेंदू हलत्या वस्तूला तिच्या खऱ्या जागेच्या किंचित पुढे ‘पाहतो’. हा दृष्टिभ्रम सरावलेल्या पंचांनाही सुटत नाही.

मग दोष द्यायचा कुणाला? याचं सर्वांत बोचरं उत्तर 2010 मध्ये मिळालं. मार्चमध्ये खेळाचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबी या मंडळानं गोलरेषा तंत्रज्ञान, म्हणजे चेंडू गोलरेषेपार गेला का हे सांगणारी यंत्रणा, नाकारलं. 27 जूनला विश्वचषकात, ब्लूमफाँटेनमध्ये, जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या दांडीला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला आणि परत बाहेर उसळला. उरुग्वेचे पंच होर्हे लारिओंदा यांनी गोल दिला नाही. रेषापंच शेवटच्या बचावपटूच्या सरळ रेषेत उभा असतो आणि चेंडू सेकंदाच्या आत गोलपर्यंत पोचतो. तेवढ्यात कुठला माणूस गोलरेषेवर पोचणार? तेव्हा 2-1 असा पिछाडीवर असलेला इंग्लंड 4-1 असा हरला. फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी माफी मागितली. लारिओंदांना मात्र त्या स्पर्धेत पुढचा सामना मिळाला नाही. तंत्रज्ञान नाकारणारे आपापल्या जागी राहिले. हा अन्याय आहे, असं मला आजही वाटतं. 2012 मध्ये त्याच मंडळानं तंत्रज्ञानाला परवानगी दिली आणि 2014 च्या विश्वचषकात चेंडू रेषेपार गेला की पंचाच्या मनगटावरचं घड्याळ एका सेकंदात ते सांगू लागलं.

गोलरेषेचा प्रश्न सुटला, कारण तो मोजमापाचा होता. हाताला लागलेला चेंडू मुद्दाम होता का, हे मोजता येत नाही. 2018 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्स आणि क्रोएशिया 1-1 असे बरोबरीत असताना क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्टर पिताना यांनी पडद्यावर दृश्य पाहिलं, ते निघाले, पुन्हा वळले, पुन्हा पाहिलं आणि पेनल्टी दिली. यूजीन कारुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं होतं की तीच कृती मंदगतीत पाहिली की ती अधिक हेतुपुरस्सर वाटते. विचार करायला त्या माणसाला भरपूर वेळ होता, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात पेरिसिचकडे क्षणार्धच होता. म्हणून चेंडू कुठे लागला हे मंदगतीत बघावं, पण हेतूचा निवाडा खऱ्या वेगात बघूनच करावा.

व्हीएआर, म्हणजे चित्रण पाहून मैदानावरच्या पंचाला मदत करणारा सहायक पंच, आला तरी अंतिम निर्णय मैदानावरच्या पंचाचाच, असं नियम सांगतो. पण पडद्यामागच्या खोलीतून ‘एकदा बघून घ्या’ असा निरोप येतो, तेव्हाच निर्णयाचा तराजू झुकलेला असतो. हे संभाषण बंद दाराआड राहिलं, तर 1986 सारखीच जबाबदारी पुन्हा दोघांच्या मध्ये हरवेल. 2023 च्या महिला विश्वचषकात पडदा पाहून आल्यावर पंच आपला निर्णय मायक्रोफोनवरून साऱ्या मैदानाला सांगू लागले. 20 जुलैला ऑकलंडमध्ये नॉर्वेविरुद्ध न्यूझीलंडला पेनल्टी देताना जपानच्या योशिमी यामाशिता यांनी तेच केलं. ती पेनल्टी आडव्या दांडीवर आदळून वाया गेली, पण ती कशासाठी दिली हे मैदानातल्या प्रत्येकानं पंचाच्याच तोंडून ऐकलं होतं.