कला संस्थांसाठी डिजिटल अनुदान: पात्रता, कागदपत्रं आणि अंदाजपत्रक

नाट्यसंस्था, संगीत मंडळं, छोटी कलादालनं यांना ऑनलाइन तिकीट विक्री, संकेतस्थळ किंवा जुन्या ध्वनिमुद्रणांचं डिजिटायझेशन करण्यासाठी कधी सरकारी कला मंडळं, तर कधी खासगी प्रतिष्ठानं अनुदान देतात. अर्जाचे नमुने वेगवेगळे असले तरी छाननी करणाऱ्याला एक गोष्ट हमखास पाहायची असते: अनुदान संपल्यावर ही यंत्रणा कोण चालवणार आणि कोणाच्या पैशांनी?

पात्रतेच्या अटी साधारण अशा: संस्था नोंदणीकृत आणि ना-नफा तत्त्वावर चालणारी असावी, कला हा तिच्या घटनेतला (संस्थेच्या नियमावलीतला) मुख्य उद्देश असावा, बँक खातं संस्थेच्याच नावे असावं आणि आधीच्या अनुदानाचा हिशेब थकलेला नसावा. नोंदणी नसलेल्या गटाला काही योजनांत नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज करता येतो. तेव्हा पैसा आणि जबाबदारी दोन्ही त्या संस्थेकडे जातात, त्यामुळे आपसात लेखी करार हवाच. मंजुरीपूर्वी केलेला खर्च बहुतेक ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत. सवलत दिसली म्हणून लॅपटॉप आधीच घेऊन ठेवू नका.

कागदपत्रांत नोंदणी प्रमाणपत्र, घटना, कार्यकारिणीची यादी, गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, अर्जाला मंजुरी देणारा ठराव आणि पुरवठादारांची कोटेशन्स लागतात. ठरावावर सही करणारा आणि अर्जावर सही करणारा यांचे अधिकार जुळतात का, ते आधी पाहून घ्या. कागदपत्रं अशा फुटकळ कारणांनीच परत येतात.

खरी कसोटी अंदाजपत्रकाची. समजा, ५०० तासांच्या ध्वनिफिती डिजिटल करायच्या आहेत. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ या दर्जाला एक तास साधारण २ जीबी जागा खातो. म्हणजे मूळ फाइल्स झाल्या सुमारे १ टीबी (१००० जीबी). तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, असा जतनाचा रूढ नियम आहे; त्या हिशेबाने ३ टीबी. ‘हार्ड डिस्क – १ नग’ एवढंच लिहिलेला अर्ज इथेच कच्चा ठरतो. शिवाय फीत वाजवणारं यंत्र, त्याची दुरुस्ती, फितींची साफसफाई आणि प्रत्येक फाइलला नाव-तारीख-कलाकार अशी नोंद करणारा माणूस. वेळ सगळ्यात जास्त या नोंदींनाच लागतो आणि अंदाजपत्रकात नेमका तोच खर्च राहून जातो.

फितींचा अर्ज असेल तर निकडही मांडा. चुंबकीय फितींसाठी २०२५ ही धोक्याची सीमा असल्याचा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने आधीच दिला होता. व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ कॅसेटची, यंत्रं बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. यंत्रंच मिळेनाशी झाली, हे कारण छाननीत टिकतं.

तिकीट विक्रीचं सॉफ्टवेअर, क्लाउड (इंटरनेटवरची साठवण), डोमेन (संकेतस्थळाचं नाव) हे दरवर्षी भरायचे खर्च आहेत. काही योजना फक्त भांडवली, म्हणजे एकदाच करायच्या खरेदीचा, खर्च देतात, म्हणून दोन्ही वेगळे दाखवा आणि पुढच्या वर्षांचं शुल्क कुठल्या उत्पन्नातून भरणार, ते एका ओळीत लिहा. संकेतस्थळ करायचं असेल तर ते अंध आणि कर्णबधिर प्रेक्षकांनाही वापरता यावं यासाठी २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांचा उल्लेख कोटेशनमध्येच करून घ्या. नंतर सांगितलं की पुरवठादार जादा बिल लावतो.

आणखी एक: फीत कपाटात आहे म्हणून ती ऑनलाइन टाकायचा हक्क मिळतो असं नाही. कलाकार, लेखक, संगीतकार किंवा त्यांचे वारस यांची लेखी संमती जोडा. सगळ्यांची मिळाली नसेल तर कोणती सामग्री फक्त संस्थेतच ऐकवणार, ते नमूद करा.

मंजुरीनंतर रक्कम बहुधा हप्त्यांनी येते. मंजूर यंत्राचं मॉडेल बदलायचं असेल तर खरेदीआधी लेखी परवानगी घ्या. प्रत्येक वस्तू अनुक्रमांकासह डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा, आणि डोमेन व क्लाउडचं खातं एखाद्या उत्साही स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर न उघडता संस्थेच्या ईमेलवर उघडा.