पार्श्वभूमी : ॲपमधल्या वाराचं नाव

फोनवर तारखेशेजारी दिसणारा वार कुठे लिहून ठेवलेला नसतो, तो तारखेवरून काढला जातो. बहुतेक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजतात. तो गुरुवार होता. तिथून उलटलेल्या दिवसांना सातने भागलं की बाकीवरून वार कळतो. इथवर वाद नाही. खरा घोळ आहे तो वारांना दिलेल्या आकड्यांचा.

१९९७ मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कॅलेंडरने रविवारला १ दिला, म्हणजे शुक्रवार ६. जावास्क्रिप्ट या वेब पानांच्या भाषेने रविवार शून्यावर ठेवला. तारखा लिहिण्याच्या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र सोमवार १, रविवार ७. २०१४ मध्ये जावाच्या नव्या रचनेने हा क्रम उचलला आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये तो फोनवर आला. जुनी पद्धत गेली नाहीच. ॲपला माहिती पुरवणाऱ्या सर्व्हरने जुन्या हिशेबाने ६ पाठवला आणि ॲपने तो नव्या हिशेबाने वाचला, की गोव्यातल्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार शनिवारी दिसतो. नुसता आकडा पाठवण्याची ही सवय मोडायलाच हवी. पूर्ण तारीख पाठवली तर गोंधळाला जागाच उरत नाही.

गोव्याला रविवारपासूनची मोजणी परकी नाही. पोर्तुगीजमध्ये सोमवार 'सेगुंदा फेइरा', म्हणजे दुसरा, आणि शुक्रवार 'सेश्टा फेइरा', सहावा. जावाच्या जुन्या आकड्यांशी तंतोतंत जुळणारा. घरातल्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरातही रविवारच पहिला. मानकाच्या नावाखाली इथल्या वाचकापुढे सोमवारपासूनचा महिना मांडणं मला पटत नाही.

नावांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. पूर्वी सात नावं हाताने टाइप करत आणि जागा कमी पडली की पहिली तीन अक्षरं कापत. इंग्रजीत ते चालतं. देवनागरीत काना, मात्रा, उकारही वेगळे मोजले जातात, त्यामुळे गुरुवारचं 'गुर' आणि शुक्रवारचं 'शुक' व्हायचं. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये मराठी आली, तेव्हापासून 'गुरु', 'शुक्र' अशी नीट आखूड रूपं यंत्रणेकडूनच घेता येतात.

उरली भाषेची निवड. गोव्यात फोन इंग्रजीत ठेवून मराठी वाचणारे पुष्कळ आहेत. ॲपने फोनची भाषा धरली, तर मराठी मजकुरावर 'फ्रायडे' उमटतो. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून सेटिंगमध्ये एकेका ॲपपुरती भाषा निवडता येते, पण ॲपने आपल्या भाषांच्या यादीत मराठी नोंदवली असेल तरच.