हंगामाचे पहिले उड्डाण प्रशिक्षकासोबत : एका प्रथेची पार्श्वभूमी

कोकणातल्या तरुणाला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, चालवायला शिकायचे असेल, तर त्याला घाट चढावाच लागतो. किनाऱ्यावर दिवस चढताच खारे वारे सुरू होतात आणि समुद्रावरची थंड, दमट हवा जमिनीवर पसरून ग्लायडरला वर उचलणाऱ्या उष्ण हवेच्या झोतांना, म्हणजे ऊर्ध्वप्रवाहांना, दुबळे करते. शिवाय ग्लायडर अवचित उतरवायची वेळ आलीच, तर भाताची खाचरे, आंबा-काजूच्या बागा आणि खाड्या यांच्यामध्ये पुरेशी सपाट जागा मिळणे कठीण. त्यामुळे या मंडळींना अनेक दशके ओळखीचे ठिकाण आहे ते पुण्याच्या हडपसरचे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र. पावसाळ्यानंतर उड्डाणे पुन्हा सुरू करताना परवानाधारकानेही आधी प्रशिक्षकाला मागच्या आसनावर घ्यावे, हा संकेत मात्र हडपसरहून कितीतरी जुन्या अनुभवातून आलेला आहे.

जर्मनीचे ओटो लिलिएंताल यांनी 1891 ते 1896 या काळात स्वतः बांधलेल्या ग्लायडरांतून सुमारे 2000 वेळा हवेत झेप घेतली. शिकवणारे कोणी नव्हते. ऑगस्ट 1896 मध्ये वाऱ्याच्या झोताने ग्लायडर कोसळून त्यांचा मृत्यू झाला. विल्बर राइट यांनी 1901 मध्ये शिकागो येथील व्याख्यानात या प्रयोगांचा हिशेब मांडला, तेव्हा पाच वर्षांत मिळून लिलिएंताल प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाच तास राहिले असावेत, आणि एवढ्या अल्प सरावात कोणतेही कसब अंगी मुरू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या विषयाचा पाया मला याच निरीक्षणात दिसतो. राइट बंधूंनी पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवरून शेकडो उड्डाणे करून ग्लायडरवर हात बसवला आणि त्यानंतर इंजिनाकडे वळले.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली. तिथले तरुण ग्लायडरकडे वळले आणि 1920 पासून वासरकुप्पे डोंगरावर स्पर्धा भरू लागल्या. त्या काळी विद्यार्थी उघड्या सांगाड्यावरच्या एकमेव आसनावर बसे, सोबती रबरी दोर ताणून त्याला उतारावरून सोडत, आणि प्रशिक्षकाच्या सूचना उड्डाणाच्या आधी किंवा नंतर जमिनीवरच मिळत. वैमानिकाची चूक घडत असताना ती हवेतच सुधारणारे कोणी नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर दुहेरी नियंत्रणाची दोन आसनी ग्लायडरे सर्वत्र रूढ झाली, तेव्हा कुठे शिकलेल्या वैमानिकालाही पुन्हा पारखता येणे शक्य झाले.

ही पारख लागते याचे कारण यंत्रातच आहे. ग्लायडरला इंजिन नसल्याने उतरण्याचा प्रयत्न फसला तर पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी घेता येत नाही. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने केबल गुंडाळून, ओढताना तर अवघ्या अर्ध्या-पाऊण मिनिटात तीव्र कोनात 300 ते 400 मीटरांपर्यंत चढायचे असते, आणि त्यात केबल तुटली तर नाक लगेच खाली घालून वेग परत मिळवायचा आणि मगच, उंची पाहून, समोरच उतरायचे की छोटी फेरी घ्यायची हे ठरवायचे. हा क्रम पाठ असणे आणि तो हाताने घडणे यांत अंतर आहे, आणि काही महिन्यांच्या खंडात ते नकळत वाढते. पावसाळ्यात शाकारलेली होडी डागडुजी आणि तपासणी न करता समुद्रात लोटायची नाही, हे किनाऱ्यावर कोणाला सांगावे लागत नाही. वैमानिकाच्या हातांनाही तोच न्याय हवा. म्हणूनच प्रशिक्षक पूर्वसूचना न देता केबल सोडून देतो, स्टॉलमधून (वेग घटून पंखांची उचल नाहीशी होण्याच्या स्थितीतून) सावरायला लावतो, आणि एअरब्रेकचा (उतरताना उंची झपाट्याने कमी करणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्यांचा) वापर व उतरण्याचा अंदाज बारकाईने पाहतो.

पुढे अनेक देशांनी याला नियमाचे रूप दिले. अमेरिकेत दर 24 महिन्यांनी प्रशिक्षकाकडून उजळणी बंधनकारक आहे, आणि ग्लायडर वैमानिकाला एक तासाच्या उड्डाणाऐवजी प्रशिक्षणाची तीन उड्डाणे चालतात. युरोपीय नियमांत मागील 24 महिन्यांत 5 तास, आणि त्यातच 15 उड्डाणे व प्रशिक्षकासोबतची दोन प्रशिक्षण उड्डाणे अपेक्षित आहेत. तरीही 24 महिन्यांची ही मर्यादा किमान आहे, आणि वर्षातून काही महिने उड्डाणेच न होणाऱ्या ठिकाणी ती अपुरी ठरते. म्हणून तिकडचे बरेच क्लब दर वसंतात आपल्या सभासदांची पारख स्वतःहून घेतात.

दख्खनच्या पठारावर जोरदार ऊर्ध्वप्रवाह मिळतात ते मार्च ते मे या काळात, तर पावसाळ्यानंतरची हवा त्या मानाने शांत असते. कोकणातून जाणाऱ्याला घाटावरची प्रत्येक फेरी आखूनच करावी लागते, त्यामुळे त्याचा खंड इतरांपेक्षा लांबतो. त्याने ही उजळणी हिवाळ्याच्या सुरुवातीलाच उरकावी. उन्हाळ्यातल्या उसळत्या हवेत पहिलाच दिवस घालवणे टाळावे.