मरून रंगाचा गॅसचा बाटला उभाच का ठेवतात?

फॅब्रिकेशनच्या शेडपुढे टेम्पोतून काळा बाटला घरंगळत उतरवला तर मिस्त्री फार बोलत नाही. (बोलायला हवं, पण ते असो.) मरून बाटला कुणी आडवा टाकला की मात्र आतून हाक येते, “अरे, उभा कर आधी तो!” काळ्यात ऑक्सिजन असतो, मरूनमध्ये अ‍ॅसिटिलीन. काळा आतून पोकळ असतो, मरून नसतो. मिस्त्रीच्या त्या हाकेचं मूळ तिथे आहे.

१८९२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रे गावी थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवत होता. त्याला हवा होता कॅल्शियम धातू, हाती आले करडे, दगडासारखे खडे. हेच कार्बाईड. आपल्याकडे बंदी असूनही आंब्याच्या अढीत चोरून ठेवतात तेच. त्यावर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन सुटतो. या गॅसची ज्योत इतकी लख्ख की दिव्यांसाठी त्याला लगेच मागणी आली. मग इतर गॅससारखा हाही दाबून बाटल्यात भरायचं ठरलं आणि तिथेच घात झाला.

बाकीच्या जळाऊ गॅसना पेटायला हवा लागते, याला तीही लागत नाही. हवेच्या दाबाच्या दुपटीच्या पुढे दाबला की एखादा धक्का किंवा थोडी उष्णता पुरते. रेणू स्वतःच फुटून कार्बन आणि हायड्रोजन वेगळे होतात, तेही स्फोटासह. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये द्रवरूप अ‍ॅसिटिलीनचा असाच स्फोट झाला.

त्याच सुमारास जॉर्ज क्लॉद आणि आल्बेर एस या फ्रेंच जोडीने वेगळी वाट काढली. अ‍ॅसिटोन या द्रवात हा गॅस साखरेसारखा विरघळतो. साध्या दाबाला एक लिटर अ‍ॅसिटोन सुमारे २५ लिटर गॅस पोटात घेतं, बारापट दाबाला ३०० लिटरच्या आसपास. पण गॅस वापरात आला की वर मोकळी जागा होते आणि त्या जागेत पुन्हा तोच धोका. म्हणून बाटला आतून सच्छिद्र भरावाने गच्च भरायला सुरुवात झाली. छिद्रं इतकी बारीक की स्फोट एकीतून दुसरीत पसरू शकत नाही. सुरुवातीचे भराव धक्क्यांनी खाली बसायचे आणि वर पोकळी राहायची. धक्क्यांनी न बसणारा भराव स्वीडनच्या गुस्ताफ डालेनने १९०६ च्या सुमारास बनवला, दीपगृहांच्या दिव्यांसाठी. १९१२ मध्ये अ‍ॅसिटिलीनच्याच चाचणीत स्फोट होऊन त्याची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते घ्यायला त्याचा भाऊ गेला. आंधळेपणीही डालेनने १९३७ मध्ये मरेपर्यंत आपली गॅसची कंपनी चालवली.

वेल्डिंगचा टॉर्च फ्रान्समध्ये १९०३ च्या सुमारास आला आणि बाटला दीपगृहातून कारखान्यात पोचला. भारतात १८८४ च्या स्फोटके कायद्याखाली १९४० मध्ये गॅस सिलिंडरचे नियम झाले. पुढे १९८१, २००४ आणि २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. ते राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

तर, बाटला आडवा ठेवून गॅस काढला की सोबत अ‍ॅसिटोनही पाइपात येतं. ज्योत बिघडते, रेग्युलेटर आणि पाइप खराब होतात आणि आत गॅसला धरून ठेवणारं द्रव कमी होत जातं. प्रवासात आडवा आलेला बाटला म्हणूनच काही तास उभा ठेवून मग जोडतात. अ‍ॅसिटिलीनच्या रेग्युलेटरवर एक किलो दाबाच्या थोडं पुढे लाल पट्टा असतो, तो त्या दुपटीच्या धोक्यापायी (काटा हवेच्या दाबाच्या वरचाच दाब दाखवतो). तांब्याची नळी इथे चालत नाही, कारण तांब्याशी संयोग होऊन नुसत्या घासण्याने फुटणारा पदार्थ तयार होतो. नटाचे आटे मात्र उलटे असतात ते साध्या कारणाने: ऑक्सिजनचा पाइप चुकून इथे बसू नये.

फ्लॅशबॅक झाल्यावर, म्हणजे ज्योत टॉर्चमधून उलटी पाइपात शिरल्यावर, बाटल्याचं अंग आपोआप तापू लागलं तर आत रेणू फुटायला लागलेत असं समजायचं. हे काम चावी बंद केल्यावरही तासन्‌तास चालू राहू शकतं, भराव त्याला फक्त मंद करतो. अशा वेळी बाटला हलवायचा नाही. शेड रिकामी करून अग्निशमन दलाला बोलवायचं, पाणी मारायचं ते लांबून.