‘रिपीटेबल रीड’: एक नाव, दोन अर्थ

१९७०च्या दशकात डेटाबेसमधल्या ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारी कामे) एकमेकांत मिसळू नयेत म्हणून भरवसा होता तो लॉकवर: वाचायला शेअर्ड (इतरांनाही वाचू देणारा), लिहायला एक्सक्लुझिव्ह (इतर सगळ्यांना अडवणारा), आणि एक लॉक सोडला की नवा घ्यायचा नाही. हमी पक्की, पण वाचणारा लिहिणाऱ्याला अडवायचा. पुढे मल्टिव्हर्जन पद्धत आली. रो (टेबलातली एक ओळ) बदलली तरी जुनी आवृत्ती राहते आणि वाचणाऱ्याला त्याच्या स्नॅपशॉटपुरती, म्हणजे एका ठरावीक क्षणी होती तशी, आवृत्ती मिळते.

नावाच्या गोंधळाचे मूळ एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या १९९२च्या मानकात आहे. त्यातल्या चार आयसोलेशन लेव्हल (ट्रान्झॅक्शन एकमेकींपासून किती वेगळ्या ठेवायच्या याच्या पातळ्या; ‘रिपीटेबल रीड’ त्यांपैकीच एक) एका तक्त्यात तीन दोषांवरून ओळखल्या जातात: डर्टी रीड (कमिट, म्हणजे पक्का, न झालेला बदल दिसणे), नॉन-रिपीटेबल रीड (तीच रो पुन्हा वाचल्यावर बदललेली दिसणे), फँटम (तीच अट पुन्हा तपासल्यावर नव्या रो दिसणे). सर्वांत कडक लेव्हल, सिरिअलायझेबल, हिला पूर्ण हमी हवी (निकाल ट्रान्झॅक्शन एकामागून एक चालवल्यासारखाच), असे मजकुरात स्पष्ट लिहिले आहे. लोकांनी मात्र तेवढा तक्ताच वाचला. १९९५च्या एका शोधनिबंधाने दाखवले, की स्नॅपशॉटमध्ये हे तिन्ही दोष टळूनही निकाल चुकू शकतो.

समजा, दोन सर्व्हरपैकी एक तरी चालू हवा. दोन ट्रान्झॅक्शन एकाच वेळी मोजतात, दोघांनाही ‘२ चालू’ दिसतात. एक पहिली रो बंद करते, दुसरी दुसरी. रो वेगवेगळ्या, म्हणून टक्कर नाही; दोन्ही कमिट होतात आणि चालू उरतात शून्य. हाच राइट स्क्यू.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्ती ९.० पर्यंत ‘सिरिअलायझेबल’ म्हणजे हाच स्नॅपशॉट होता. २०११ साली ९.१ मध्ये खरी सिरिअलायझेबल आली आणि जुन्या वागणुकीला ‘रिपीटेबल रीड’ हे नाव मिळाले. निर्णय योग्यच होता, पण नावाचा गुंता सुटला नाही. दोन ट्रान्झॅक्शननी तीच शिल्लक साध्या सिलेक्टने (वाचनाच्या आदेशाने) वाचली, ॲपमध्ये हिशेब केला आणि परत लिहिली, तर पोस्टग्रेसची रिपीटेबल रीड दुसरीला ४०००१ (सिरिअलायझेशन फसल्याचा) एरर देऊन थांबवते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी स्टोरेज इंजिनात रिपीटेबल रीड हीच डीफॉल्ट लेव्हल आहे, पण तिथला अपडेट ताजी कमिट झालेली रो धरतो. पहिलीचा बदल गुपचूप पुसला जातो. तिथे वाचतानाच ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ (रो लॉक करून वाचणारा आदेश) लावावे लागते.

पोस्टग्रेसच्या नव्या सिरिअलायझेबलमधले वाचनाचे लॉक कुणाला अडवत नाहीत, फक्त कोणी काय वाचले याची नोंद ठेवतात. इंडेक्स (रो पटकन शोधायची सूची) नसेल आणि पूर्ण टेबल स्कॅन झाले, तर नोंद अख्ख्या टेबलावर पडते आणि निर्दोष ट्रान्झॅक्शनही रद्द होऊ लागतात. ४०००१ आल्यावर नुसते शेवटचे स्टेटमेंट पुन्हा चालवून भागत नाही. रोलबॅक करून (सगळे बदल मागे घेऊन) ‘बिगिन’पासून, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीपासून, सगळे वाचन पुन्हा करायचे, कारण चुकीचा ठरलेला आकडा त्या वाचनातूनच आलेला असतो.