‘एस्क्रो’ लिहिलेल्या फोल्डरांची पार्श्वभूमी

संगणकशास्त्र आणि माहिती धोरण या दोन्ही क्षेत्रांत वावरलेल्या अमेरिकी प्राध्यापकाच्या कागदपत्रांची अभिलेखागारासाठी सूची करताना सत्तरचं दशक लवकर आटोपतं. १९७४ चा प्रायव्हसी कायदा, १९७७ चं ५६ बिटांच्या किल्लीचं (म्हणजे कुलूप उघडणाऱ्या गुप्त आकड्याचं) एनक्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात बंद करण्याचं, मानक आणि ‘ही किल्ली मुद्दाम आखूड ठेवली का’ हा वाद. खरी गर्दी १९९३ नंतरची, आणि ती ‘एस्क्रो’ या एका शब्दाभोवती आहे.

१६ एप्रिल १९९३ रोजी अमेरिकी सरकारनं फोनसाठीच्या क्लिपर या एनक्रिप्शन चिपची घोषणा केली. फोनवरचं संभाषण ८० बिटांच्या किल्लीनं बंद व्हायचं. शिवाय प्रत्येक चिपची एक कायमची किल्ली असे. तिचे दोन भाग दोन वेगळ्या सरकारी कार्यालयांत राहणार होते आणि कायदेशीर परवानगी मिळाली की तपासयंत्रणा ते जोडणार होती. या व्यवस्थेला नाव दिलं ‘की एस्क्रो’. पण एस्क्रो म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीनं तिऱ्हाइताकडे ठेवलेली ठेव. इथे तिऱ्हाईत कुठे होता? संभाषण सरकारनंच ऐकायचं आणि किल्लीही सरकारनंच सांभाळायची, याला ठेव म्हणणं ओढूनताणूनच होतं.

पुढे सरकारी भाषेत ‘की रिकव्हरी’ आलं आणि गुंता वाढला. कर्मचारी नोकरी सोडून गेला आणि त्याची फाइल उघडेना, तर कंपनीला जादा किल्ली खरोखरच लागते. चालू संभाषण चोरून ऐकायला मात्र कंपनीला किल्ली लागत नाही. दोन्ही गरजा एकाच शब्दाखाली घातल्या गेल्या. म्हणून सूची करताना हे फोल्डर एका शीर्षकाखाली एकत्र करू नयेत. मूळ लेबल जसंच्या तसं उतरवावं आणि विषयशीर्षकांनी ते जोडावेत.

१९९४ मध्ये क्लिपरची तांत्रिक उणीवही उघड झाली. तपासयंत्रणेला किल्लीपर्यंत नेणारा १२८ बिटांचा तुकडा प्रत्येक संभाषणासोबत जायचा, पण त्याच्या खरेपणाची तपासणी अवघ्या १६ बिटांवर. शक्यता फक्त ६५,५३६. अंदाधुंद तुकडे चिपला देत राहिलं, की सरासरी पाऊण तासात एखादा बनावट खपून जायचा. संभाषण सुरक्षित, आणि तपासयंत्रणेच्या हाती कचरा.

‘एस्क्रो’च्या जागी ‘रिकव्हरी’ कोणत्या मसुद्यात आलं, हे अनेकदा फ्लॉपीवरच कळतं. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी आधी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे बिटागणिक हुबेहूब नक्कल, घ्यावी. नुसत्या फाइली ओढून घेतल्या तर तारखा बदलू शकतात आणि पुसलेल्या मसुद्यांचे अवशेष मागेच राहतात. थर्मल कागदावरचे फॅक्स त्याआधी हाताळावेत. अक्षरं उडत असतात. आम्लविरहित कागदावर त्यांची छायाप्रत काढली, की मूळ फॅक्स वेगळा ठेवावा, नाहीतर शेजारचे कागद डागाळतात.

जून १९९८ मध्ये क्लिपर चिपचा गुप्त अल्गोरिदम, म्हणजे संभाषण बंद करण्याची पद्धत, खुला झाला. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेतून एनक्रिप्शनच्या निर्यातीचे नियमही बरेच सैल झाले.